चार शहरं, तेरा रात्री आणि आत्या

पानसुपारी
मागच्या ऑक्टोबरात आत्याला घेऊन इटलीला जाऊन आले. 'घेऊन' हा शब्द विमानतळापर्यंतच खरा होता. पुढे कोण कोणाला घेऊन फिरत होतं ते वाचा आणि तुम्हीच ठरवा. आत्या ७२ वर्षांची, कोल्हापूरची, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त. एक गुडघा बरा, एक रुसलेला. मी ४३, पुण्याची, दोन्ही गुडघे ठणठणीत, पण पोट नाजूक आणि स्वभाव याद्या करण्याचा.

माझ्या पहिल्या यादीत १३ रात्रींत ७ शहरं होती. आत्यानं तो कागद चष्मा लावून नीट वाचला आणि विचारलं, "यात झोपायचं कधी?" मग पेन्सिलीनं मिलान, पिसा आणि नेपल्स खोडलं. उरलं रोम ४ रात्री, फ्लोरेन्स ४, बोलोन्या ३, व्हेनिस २. फ्लोरेन्सची चौथी रात्र तिनंच वाढवली. का, तर "आपलं एक माणूस आहे तिथं." बास. यापुढे एक शब्द नाही. (सांगते नंतर.)

रोममध्ये आम्ही नन्सच्या अतिथीगृहात राहिलो. अशा जागांना 'कासा पेर फेरिए' म्हणतात. तसं शोधलंत की बऱ्याच सापडतील, हॉटेलपेक्षा स्वस्त आणि झाडून-पुसून लख्ख. दोन लोखंडी खाटा, मध्ये टेबल, उशाशी क्रूस. रात्री ११ ला फाटक बंद, पण आम्ही ९ लाच आडव्या, त्यामुळे त्याचा काच झाला नाही. फरशी इतकी स्वच्छ की आत्यानं पहिल्या रात्री चपला दाराबाहेर काढल्या. सकाळी बघतो तर एका वयस्कर सिस्टरनं त्या आत आणून खाटेखाली लावून ठेवलेल्या. दुसऱ्या रात्री आत्यानं परत बाहेर, सिस्टरनं परत आत. दोघींपैकी एकीलाही दुसरीची भाषा येत नव्हती, आणि माघार घ्यायची तर त्याहून नव्हती.

खाण्याचं बोलायचं तर रोमचे पास्ते चार: कार्बोनारा, आमात्रिचाना, ग्रिचा आणि काचो ए पेपे. पहिल्या तिघांत ग्वान्चाले म्हणजे डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस असतं. चौथ्यात फक्त पेकोरिनो चीज, मिरी आणि पास्ता उकळलेलं पाणी. मी चार दिवस तेच धरून बसले. आत्यानं मात्र वेटरला पाच शब्द विचारून वहीत उतरवून घेतले: मान्झो गाय-बैल, वितेल्लो वासरू, मायाले डुक्कर, पोल्लो कोंबडी, आन्येल्लो कोकरू. मग पाचव्यावर बोट ठेवलं. आलं ते 'आब्बाक्यो आ स्कोत्तादीतो', कोवळ्या कोकराच्या बरगड्या, विस्तवावर भाजलेल्या. नावाचा अर्थच बोटं भाजतील असे. ती हातानं खायला लागली तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी पसंतीची मान हलवली. आत्याचा निकाल: "मटण कोवळं आहे. वाटण मात्र कुणी शिकवलं नाही यांना."

आणि पाणी विकत घेऊ नका हो. रोममध्ये रस्तोरस्ती ओतीव लोखंडाचे नळ आहेत, अडीच हजारांच्या घरात. वाकड्या तोटीमुळे त्यांना 'नझोने' म्हणजे मोठं नाक म्हणतात. पाणी गार आणि पिण्याचं. मी बाटली धरून वाकत होते. आत्यानं खालून तोटीला बोट लावलं, तर वरच्या बारक्या भोकातून कारंजं उडालं आणि ती सरळ उभी राहून प्यायली. "तुला कसं कळलं?" तर म्हणे, "भोक उगाच ठेवतात होय?"

फ्लोरेन्सचं उद्या लिहिते.

गव्हाची_खीर
पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत)! आत्यांना साष्टांग. जळजळ होतेय, इनो घेऊन बसले आहे.

अण्णा_पार्लेकर
छान लिहिलंय. पण एवढा व्हिसा, एवढं विमानभाडं खर्चून चारच शहरं? आम्ही ग्रुप टूरनं ९ दिवसांत ८ शहरं केली. रोज संध्याकाळी वरण-भात. पिसाला मनोरा धरून फोटो नाही म्हणजे इटली पाहिली असं आमच्या सोसायटीत तरी कुणी मानणार नाही.

खिडकीजवळची_सीट
अण्णा, ८ शहरांपैकी ५ बसच्या काचेतून ना? आमचीही तशीच झाली होती. सिएना म्हटलं की मला फक्त पार्किंग आणि सुलभ शौचालयाची रांग आठवते.

दादरचा_पोपट
वाचनखूण साठवली. माझा प्रश्न गंभीर आहे. मे महिन्यात आई-बाबांना न्यायचंय. आई शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. उपाशी राहील का? बरोबर काय न्यावं?

बोलोन्याची_गल्ली
मी इथे बोलोन्यात शिकायला आहे, तिसरं वर्ष. उपाशी राहणार नाहीत, पण थोडं सावध राहावं लागेल. घोळ होतो ते सांगते.

तोर्तेल्लिनी आणि तोर्तेल्लोनी ही दोन वेगळी माणसं आहेत. तोर्तेल्लिनी बारीक, आत डुकराचं मांस, आणि पारंपरिकपणे मांसाच्या रश्श्यात. तोर्तेल्लोनी मोठे, आत बहुधा रिकोटा चीज आणि पालेभाजी. पण पिठात अंडं दोन्हीकडे. बोलोन्याचा ताजा पास्ता म्हणजे अंडं आलंच. आईंसाठी 'पास्ता सेक्का', म्हणजे वाळवलेला पास्ता विचारा. तो सहसा फक्त रवा आणि पाण्याचा असतो. मिनेस्त्रोने दिसायला भाज्यांचं सूप, पण मांसाच्या पाण्यात शिजवलेलं असू शकतं. उलट 'पेपेरोनी' वाचून घाबरू नका, इटालियनमध्ये ती ढोबळी मिरची. अमेरिकेतून आलेला माझा एक वर्गमित्र पेपेरोनी पिझ्झा मागवून मिरच्यांकडे बघत बसला होता.

आणि एक कटू सत्य. पार्मिजानो रेज्जानो हे चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनं विरजतात. नियमच तसा आहे, त्यात पर्याय नाही. हे आईंना सांगायचं की नाही, ते तुमच्या घरचं तुम्ही बघा.

घरून नेताना तूप आणि पेढे नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना आणता येत नाहीत. मेतकूट, चटण्या, भडंग खुशाल न्या.

अण्णा_पार्लेकर
म्हणजे आम्ही आठ दिवस पास्त्यावर भुरभुरवून जे खाल्लं ते? अरे देवा. सौ. ना हा धागा दाखवत नाही.

पानसुपारी
अण्णा :)

फ्लोरेन्स.

आधी पोटाचं. फ्लोरेन्सची मिजास गोमांसावर. बिस्तेक्का म्हणजे किलोभराचा हाडासकट तुकडा, आतून लालच ठेवलेला. आणि हातगाडीवर मिळणारं लाम्प्रेदोत्तो, म्हणजे गाईच्या चौथ्या जठराचं पावात भरलेलं कालवण. आत्याची वही उघडली, मान्झो दिसलं, दोन्ही बाद. पण याच गावात गरिबाघरचं जे जेवण आहे त्यावर ती खूष झाली. रिबोल्लिता म्हणजे 'परत उकळलेलं': शिळा पाव, पांढरे घेवड्याचे दाणे आणि काळपट कोबीची पानं, पळी उभी राहील इतकं घट्ट. पाप्पा आल पोमोदोरो म्हणजे शिळा पाव टोमॅटोत शिजवलेला. आपला भाकरीचा काला आणि फोडणीची पोळी यांचे मावसभाऊच. तिथला पाव मात्र बिनमिठाचा. आत्यानं पहिला घास घेऊन हळूच विचारलं, "विसरले का गं?" विसरले नाहीत, शतकानुशतकं असाच करतात.

बिलात 'कोपेर्तो' दिसला तर भांडू नका. टेबलावर बसल्याचे माणशी दीड-दोन-तीन युरो असतात, आणि मेन्यूवर लिहिलेले असतात. रोममध्ये तो नव्हता कारण त्या प्रांतात त्याला कायद्यानं बंदी आहे. तिथे पावाचे पैसे लावतात, म्हणजे एकूण एकच.

आता ते 'आपलं माणूस'.

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं चांगली साडी काढली, इरकली. म्हणाली, आज म्युझियम नाही. स्टेशनाजवळून टी-१ ट्राम पकडून आम्ही काशिने बागेच्या थांब्यावर उतरलो. बाग म्हणजे आर्नो नदीच्या काठानं साडेतीनेक किलोमीटर लांब गेलेली झाडांची पट्टी. आणि आम्हाला जायचं होतं अगदी पश्चिमेच्या टोकाला. आमच्या चालीनं तासाच्या वर लागला. दर दोन बाकांनंतर एका बाकावर टेकत. सायकलवाले, कुत्रे फिरवणारे, एका बाकावर कुणीतरी सोडून गेलेली छत्री.

टोकाला मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते. तिथे झाडांमध्ये एक छत्री उभी आहे. डोक्यावर धरायची नव्हे, आपल्याकडे समाधीवर असते तशी. खाली रंगवलेला अर्धपुतळा: तरणा चेहरा, पगडी, दागिने. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. १८७० साली इंग्लंडचा दौरा करून परतताना फ्लोरेन्समध्ये ३० नोव्हेंबरला वारले. वय वीस. बरोबरच्या लोकांनी नद्यांचा संगम शोधून तिथे चितेला परवानगी मिळवली, ज्या देशात तेव्हा माणूस जाळायची रीत नव्हती तिथे. स्मारक १८७४ चं. पलीकडे गाड्यांचा मोठा पूल आहे, त्याचंही नाव पोन्ते आल्लिंदियानो, 'त्या हिंदी माणसाचा पूल'.

मी हे पुस्तकात कधी वाचलं नव्हतं. आत्या राजाराम कॉलेजची. म्हणाली, चार वर्षं ज्याचं नाव असलेल्या कमानीखालून गेले, त्याला एकदा भेटायचं होतं.

चपला काढून ती गवतात उभी राहिली. पर्समधून अंबाबाईच्या कुंकवाची पुडी काढली, उघडली, थोडा वेळ हातात धरली. मग परत घडी घातली. "दगडाला डाग पडला तर साफ करणारा माणूस शिव्या घालेल." हात जोडले. मग पदरानं गवतातलं सिगरेटचं एक रिकामं पाकीट उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि बाकावर येऊन बसली. मी सकाळी घेतलेला स्क्याच्याता, म्हणजे तिथला तेलातला चपटा पाव, आम्ही अर्धा-अर्धा खाल्ला. ती बराच वेळ बोलली नाही. नंतर म्हणाली, "वीस म्हणजे आपला रोहन." रोहन माझा मुलगा.

तांबडापांढरा
ताई, डोळ्यात पाणी आणलंत. कोल्हापूरकर म्हणून थोडी भर: छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँटचा. हाच तो मँट ज्यानं नंतर आपला नवा राजवाडा बांधला. त्यामुळे न्यू पॅलेस बघून फ्लोरेन्सला गेलेल्या माणसाला ते काम ओळखीचं वाटतं. आणि १८७० मध्ये फ्लोरेन्स ही इटलीची राजधानी होती, १८६५ ते १८७१. रोम नंतर.

शेवंती
मी फ्लोरेन्सला तीनदा गेले आहे आणि मला हे माहीत नव्हतं. लाज वाटली. मंगळवारी सकाळी काशिनेत मोठा आठवडी बाजार भरतो. तिथे दोनदा जाऊन मी स्वस्तातले स्कार्फ घेऊन परत फिरले आहे.

अण्णा_पार्लेकर
आमच्या टूरमध्ये फ्लोरेन्सला साडेतीन तास होते. काही बोलत नाही.

मी_अमुक
अवांतर: रेल्वेचं कुणीच लिहिलं नाही. वेगवान गाड्यांचं तिकीट त्याच गाडीचं असतं, आधी काढलं तर स्वस्त. पण रीजनल गाडीचं कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यावं लागतं. नाही छापलं तर तिकीट हातात असून दंड. मला झाला आहे, अंकोनाच्या वाटेवर, आणि टीसीसमोर मराठीत वाद घालून काही उपयोग होत नाही हेही तपासून झालं आहे. दुसरं, 'शोपेरो' हा शब्द पाठ करा. संप. आधी जाहीर होतो, आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ व संध्याकाळी ६ ते ९ ठरलेल्या लोकल गाड्या सोडाव्याच लागतात. त्या वेळेत निघा.

गव्हाची_खीर
मी_अमुक, +१. आणि कॉफीचं? लाटे मागितली तर काय होतं ते सांगा कुणीतरी.

पानसुपारी
ते आमच्याच बाबतीत झालं. आत्यानं रुबाबात "उन लाते" मागितलं आणि पेलाभर गार दूध आलं. लाते म्हणजे दूधच. कॉफी हवी तर काफे लाते म्हणा. आत्यानं दूध संपवलं, "म्हशीचं नाही" एवढंच म्हणाली. काउंटरला उभ्यानं प्यायलात तर एस्प्रेसो दीड युरोच्या आत, तीच बसून घेतली की भाव वर. जेवणानंतर कापुचिनो मागितला तर आणून देतात, पण बघतात.

बोलोन्या.

आमच्या बोलोन्याच्या मुक्कामाची गोष्ट गोड नाही. जागेच्या जाहिरातीत 'लिफ्ट आहे' असं होतं. होती. पहिल्या मजल्यापासून. तिथवर १८ दगडी पायऱ्या, कठडा नाही. मालकाला फोन केला तर तो म्हणाला, पण लिफ्ट तर आहे ना. मी भांडायच्या तयारीत, तर आत्या सातव्या पायरीवर जाऊन पोचली होती. बसत-बसत, एकेक करून, अठराही चढली. म्हणून माझं सांगणं: ज्येष्ठ माणूस बरोबर असेल तर 'लिफ्ट आहे का' विचारू नका, 'रस्त्यापासून खोलीपर्यंत किती पायऱ्या' असं विचारा आणि आकडा लेखी घ्या.

पण त्या घराला स्वयंपाकघर होतं, आणि खाली रस्ताभर कमानी. बोलोन्यात फुटपाथवर छप्पर असतं, सगळ्या कमानी मिळून ६० किलोमीटरच्या वर. २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या. तीन दिवस पाऊस होता आणि आमची छत्री एकदाही उघडली नाही. एक कमानींची रांग तर गावातून डोंगरावरच्या सान लुका चर्चपर्यंत चढते, ६६६ कमानी. आम्ही चौकातून निघणाऱ्या टुरिस्ट गाडीनं वर गेलो आणि चढणाऱ्या तरुणांकडे खिडकीतून सहानुभूतीनं बघितलं.

संध्याकाळी आत्यानं खिचडी केली. मूगडाळ नेलेली, तांदूळ तिथला रिसोत्तोचा आर्बोरियो. आता मी तुम्हाला सांगते, त्या तांदळाची खिचडी आपल्याहून चांगली होते. मऊसूत, आसट, आजारपणातल्या आईच्या हातासारखी. वर तूप नव्हतं म्हणून बाजारातलं लोणी कढवलं. वास जिन्यात गेला असावा, कारण समोरच्या बाई दार वाजवून आल्या. आत्यानं बशीत वाढून दिलं. त्यांनी उभ्यानं खाल्लं, "रिसोत्तो?" विचारलं. आत्या म्हणाली, "सी, कोल्हापूर." दुसऱ्या दिवशी दाराशी कागदात गुंडाळलेले तोर्तेल्लोनी.

बोलोन्याची_गल्ली
'रिसोत्तो कोल्हापूर' :D मी आता या नावानंच करणार. त्या घराचं खरं आहे, इथल्या जुन्या इमारतींना लिफ्ट मागाहून कोंबलेली असते, जिथे जागा सापडली तिथून सुरू. आणि इथे येऊन कुणी स्पॅगेटी बोलोनेझ मागू नका. इथे रागू, म्हणजे मांसाचा घट्ट रस्सा, ताल्यातेल्लेवर म्हणजे चपट्या पट्ट्यांच्या पास्त्यावर घालतात. १९८२ मध्ये त्याची कृती रीतसर चेंबर ऑफ कॉमर्समध्ये नोंदवून ठेवली आहे. अर्थात त्यात मान्झो आहे, त्यामुळे आत्यांसाठी नाही.

खिडकीजवळची_सीट
व्हेनिसला मेस्त्रेत, म्हणजे अलीकडच्या मुख्य जमिनीवर राहिलात की बेटावर? आम्ही मेस्त्रेत, ट्रेननं दहा-बारा मिनिटं, निम्मं भाडं. माझ्या मते बेटावर राहणं म्हणजे पैसे पाण्यात.

पानसुपारी
बेटावर. दोनच रात्री होत्या. तिथं मी हट्ट केला, तेरा दिवसांतला माझा एकुलता एक. कारण संध्याकाळी दिवसभराचे लोक परत गेले की व्हेनिस वेगळंच होतं. गल्लीत पावलांचा आवाज येतो. मेस्त्रेतली मंडळी तेव्हा स्टेशनकडे पळत असतात. पण बॅगेचं चाक पुलांच्या पायऱ्यांवर मोडलं ते मोडलंच, हे कबूल. चारशेच्या वर पूल आणि बहुतेकांना पायऱ्या. त्यामुळे जागा बोटीच्या थांब्याला चिकटून घ्या. आणि दिवसापुरतं येणाऱ्यांना २०२४ पासून ठरावीक दिवशी प्रवेशकर आहे. मुक्कामाला असाल तर तो नाही, पण सूट आधी नोंदवावी लागते.

गोंडोलात आम्ही बसलो, २ युरोत. मोठा कालवा ओलांडायला 'त्रागेत्तो' असते, गोंडोलाच, फक्त पलीकडे सोडते. आत्या उभीच राहिली, पंचगंगेच्या नावेत राहायची तशी. जेवण बाकारोत, म्हणजे काउंटरवर छोटे-छोटे घास मांडलेली दुकानं, चिकेत्ती म्हणतात त्या घासांना. सार्दे इन साओर तिला अतोनात आवडलं: तळलेले तारल्यासारखे मासे, वर व्हिनेगरमध्ये मुरलेला कांदा, बेदाणे आणि चिलगोजे. "हे आपल्या मालवणात खपेल" असं तिचं मत. मी पोलेंता खाल्लं. मक्याची उकड. पोट शांत.

शेवंती
मालवणात बेदाणे? माशात? आत्यांना सांगा, मी मालवणची आहे आणि माझी आजी हे ऐकून उठून बसेल.

पानसुपारी
सांगितलं. म्हणाली, "आजीला आधी खाऊ घाल, मग विचार."

गव्हाची_खीर
त्या रोमच्या चपलांचं शेवटी काय झालं?

पानसुपारी
शेवटच्या सकाळी आत्यानं हार मानून चपला आतच ठेवल्या होत्या. दार उघडलं तर बाहेर सिस्टरच्या काळ्या चपला काढलेल्या, आणि त्या स्वतः मोज्यांवर, हातात आमच्यासाठी नाश्त्याचा डबा.

दादरचा_पोपट
आईला धागा वाचून दाखवला. चीजचा परिच्छेद गाळला. तरी ती म्हणते स्वयंपाकघर असलेलंच घर घे, आणि डाळ किती किलो नेऊ विचारतेय.

पानसुपारी
पाव किलो मूगडाळ पुरे. मसूर नेऊ नका, तिकडे 'लेन्तिक्के' नावानं प्रत्येक दुकानात मिळतो. उंब्रियातल्या कास्तेल्लुच्चोचा बारीक मसूर तर फारच सुरेख. मोहरी-हिंग मात्र घरून, आणि हिंगाची डबी दोन पिशव्यांत घाला. माझी इरकल अजून वास मारतेय. म्हणजे आत्याची इरकल, माझ्या बॅगेत होती.